घराच्या आवारात स्प्रूस: जात, जागा, लागवड आणि पुढची पाच वर्षं

सूचिपर्ण

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत किंवा कॅनडात घर घेतलं की आवारात एखादं बारमाही हिरवं झाड हवंसं वाटतं. शेजारच्या खिडक्यांपासून आडोसा होतो, वायव्येचा वारा अडतो आणि नोव्हेंबर ते एप्रिल बाकी सगळं उघडंबोडकं असताना नजरेला हिरवं काहीतरी मिळतं. मग लोक नर्सरीत जातात, निळसर चांदीसारखा स्प्रूस (थंड प्रदेशातलं, सुईसारख्या पानांचं झाड) बघून हरखतात आणि घेऊन येतात. दहा-बारा वर्षांनी तेच झाड खालून करपत वर जातं. यातली बरीचशी हानी टाळता येते. झाडाचं पुढे काय होणार, हे बहुतेक वेळा जात निवडताना आणि खड्डा खणतानाच ठरलेलं असतं. म्हणून आधी जात आणि जागा या दोनच गोष्टी सविस्तर लिहितो, बाकीचं प्रतिसादांत बोलू.

पहिली गोष्ट जात. लेबलवरचा झोन सगळे बघतात. हा झोन म्हणजे हिवाळ्यातल्या सर्वांत थंड रात्रीच्या तापमानाची ३० वर्षांची सरासरी; आकडा जितका लहान तितकी थंडी जास्त. अमेरिकी कृषी खात्याचा नवा नकाशा नोव्हेंबर २०२३ मध्ये आला आणि त्यात मिनिआपोलिस ४ब वरून ५अ मध्ये गेलं. पण झोन फक्त थंडीबद्दल सांगतो, दमट हवेबद्दल काहीच सांगत नाही. स्प्रूस सहसा थंडीने मरत नाही. उन्हाळ्यातला ओलावा, साचलेलं पाणी आणि खोल लागवड त्याला मारते.

कोलोराडो निळा स्प्रूस: हा रॉकी पर्वतातला, सहा ते दहा हजार फुटांवरच्या कोरड्या हवेतला. १९३९ पासून कोलोराडोचं राज्यवृक्ष आहे आणि तिथे तो उत्तमच वाढतो. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, ओहायो, मिशिगन, दक्षिण ऑन्टारियो इथल्या दमट उन्हाळ्यात मात्र त्याच्या सुयांवर बुरशी बसते. लेबलवर झोन ३ ते ७ लिहिलेलं असलं तरी या भागात मी तो सुचवणार नाही.

नॉर्वे स्प्रूस: झोन ३ ते ७. सगळ्यांत जलद वाढणारा. मूळ धरल्यावर वर्षाला एक ते दोन फूट सहज. फांद्यांवरून डहाळ्या खाली लोंबतात, शंकू चार ते सहा इंच लांब. सुयांच्या बुरशीला बऱ्यापैकी दाद देत नाही. पण हा मोठा वृक्ष आहे: ६० फूट उंची आणि २५ ते ३० फूट घेर धरूनच जागा द्यावी. छोट्या प्लॉटवर लावू नये.

ब्लॅक हिल्स स्प्रूस: पांढऱ्या स्प्रूसचाच दाट, सावकाश वाढणारा प्रकार, साउथ डकोटाचं राज्यवृक्ष. झोन २ पर्यंत चालतो, वारा आणि कोरडेपणा सोसतो. ३० ते ४० फूट उंची, १५ ते २० फूट घेर. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, डकोटा, मॅनिटोबा इथे उपनगरी घरासाठी माझी पहिली पसंती.

सर्बियन स्प्रूस: द्रिना नदीच्या खोऱ्यातला. झोन ४ ते ७, अरुंद आणि सुळक्यासारखा, सुयांची खालची बाजू पांढरट. दमट हवेत निळ्यापेक्षा कितीतरी बरा. रुंदी नसलेल्या जागेला हाच. उघड्यावरच्या कोरड्या वाऱ्यात मात्र लावू नका.

दुसरी गोष्ट जागा. पूर्ण ऊन, म्हणजे दिवसाला किमान सहा तास. सावलीत झाड विरळ होतं आणि खालच्या फांद्या वाळतात. घराच्या भिंतीपासून १५ ते २० फूट, वर विजेची तार नको. खणण्याआधी काही दिवस अमेरिकेत ८११ ला फोन करा, गॅस आणि केबलच्या लाइनींवर फुकट खुणा करून देतात.

निचऱ्याची चाचणी केल्याशिवाय झाड विकत घेऊ नका. फूटभर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या खेपेला तासाला किमान एक इंच पाणी उतरायला हवं. त्याहून कमी उतरलं तर ती जागा स्प्रूसची नाही, किंवा उंचवटा करून लावावं लागेल.

मृद्गंध

छान धागा. लागवडीचा भाग मी पुरा करतो, कारण सर्वांत जास्त झाडं तिथेच जातात.

नर्सरीतून झाड दोन प्रकारे येतं: कुंडीत, किंवा मातीची हुंडी (मुळांसकट मातीचा गोळा) गोणपाटात आणि तारेच्या जाळीत बांधलेली. हुंडीवाल्या झाडात खोडाभोवती वरून तीन-चार इंच जास्तीची माती चढलेली असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. हुंडीचा माथा जमिनीबरोबर आला म्हणून आपण खूश होतो आणि खरी मुळं तेवढी खाली गाडलेली राहतात. म्हणून आधी वरचं गोणपाट सोडवा आणि खोडाजवळची माती हाताने बाजूला करत जा. खोड जिथे रुंद होऊन पहिली जाड मुळं फुटतात, तो बुंध्याचा फुगवटा दिसला पाहिजे. दिसत नसेल तर छत्रीच्या काडीसारखी तार खोडापासून दोन-तीन इंचांवर टोचून मूळ किती खाली लागतं ते बघा. वरची फालतू माती काढून टाका. त्यात बारीक पांढरी मुळं वाढलेली असतील तर तीही गेली तरी चालतील.

आता त्या फुगवट्यापासून हुंडीच्या तळापर्यंत उंची मोजा. खड्डा तेवढाच खोल, किंवा एक इंच कमी. रुंदी मात्र हुंडीच्या दोन ते तीनपट. खड्ड्याचा तळ खणून भुसभुशीत करू नका, हुंडी न हललेल्या घट्ट मातीवर बसली पाहिजे. नाहीतर पहिल्या पावसाळ्यानंतर झाड दोन-तीन इंच खाली खचतं आणि सगळं मोजमाप वाया जातं. उलट खड्ड्याच्या बाजू कुदळीने ओरबाडा, विशेषतः चिकणमातीत. फावड्याने गुळगुळीत झालेल्या बाजूतून मुळं बाहेर पडत नाहीत.

झाड उचलताना खोडाला धरू नका, हुंडीला धरा. खड्ड्यात ठेवल्यावर, सरळ केल्यावर आणि खाली थोडी माती दाबल्यावरच तार कापा. वरची निम्मी तरी जाळी आणि गोणपाट काढा, सुतळी सगळी काढा. नायलॉनची दोरी किंवा प्लास्टिकचं कापड असेल तर त्याचा तुकडाही मागे ठेवू नका, ते कुजत नाही आणि वाढत्या खोडात रुततं. कुंडीतलं झाड असेल तर गोल फिरलेली मुळं तीन-चार ठिकाणी उभी कापा.

खड्डा भरायला तीच खणून काढलेली माती वापरा. कंपोस्ट, पीट, शेणखत काही नको. चिकणमातीत मऊ खताने भरलेला खड्डा पाणी धरून ठेवतो, आणि मुळं बाहेरच्या जमिनीत जायचं टाळून तिथेच घुटमळतात. पहिल्या वर्षी रासायनिक खतही नको.

वरून लाकडाच्या चिपांचं दोन ते चार इंच आच्छादन, खोडापासून चार इंच लांब. खोडाला टेकवून डोंगर रचलेले इथे गल्लोगल्ली दिसतात. तसं केलं की साल सतत ओली राहते आणि उंदरांनाही आतून कुरतडायला आसरा मिळतो.

आधाराचे खुंट फक्त वाऱ्याच्या जागी, रुंद पट्ट्याने, सैल. वर्षभरात काढून टाका.

पाणवठा

लागवड कधी करावी? इथे (मिशिगन) नर्सऱ्यांत ऑक्टोबरअखेर सेल लागतो, तेव्हा घेऊ का?

मृद्गंध

@पाणवठा, सूचिपर्णी झाडांसाठी ऑक्टोबरअखेर उशीर होतो. जमीन १५ अंश सेल्सिअसच्या आसपास असताना मुळं जोमाने वाढतात, गार पडली की मंदावतात. या झाडांची पानं हिवाळ्यातही पाणी बाहेर टाकत राहतात, त्यामुळे गोठण्याआधी थोडी तरी नवी मुळं फुटायला हवीत. तुमच्याकडे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरअखेर, नाहीतर वसंतात जमीन कामाजोगी झाल्यापासून मे मध्यापर्यंत. ओक किंवा मेपल ऑक्टोबरअखेर लावला तर चालून जातो, स्प्रूसचं तसं नाही.

सूचिपर्ण

झाडाचा आकार निवडतानाही सेलकडे बघू नका. आठ फुटी हुंडीवालं झाड खणताना त्याची बहुतेक मुळं मागे राहतात, मग ते दोन-तीन वर्षं जागच्या जागी बसून असतं. तीन-चार फुटी झाड तेवढ्या वेळात मूळ धरून पळायला लागतं. दहा वर्षांनी दोघांत फारसा फरक राहत नाही. शिवाय लहान झाड एकट्याने लावता येतं.

उत्तरा_के

पाणी किती घालायचं याचा नेमका हिशेब कोणी देईल का? "नियमित पाणी द्या" यातून काहीच कळत नाही.

मृद्गंध

खोडाची जाडी जमिनीपासून सहा इंचांवर मोजा. प्रत्येक इंचाला एका खेपेस १० गॅलन, म्हणजे साधारण ३८ लिटर. दोन इंची खोडाला २० गॅलन. पहिल्या हंगामात पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा. लावल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मात्र हुंडी लवकर कोरडी पडते, तेव्हा दर दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं थेट हुंडीवर.

मोजायला सोपा उपाय: पाच गॅलनच्या बादलीच्या तळाला कडेला तीन-चार बारीक भोकं पाडा आणि बादली हुंडीच्या काठावर ठेवा. सावकाश जिरतं, वाहून जात नाही. नळीने घालायचं असेल तर आधी बादली भरायला किती मिनिटं लागतात ते बघून घ्या.

पाणी घालण्याआधी लांब स्क्रूड्रायव्हर सहा इंच खाली घाला. सहज शिरून ओली माती घेऊन आला तर आज पाणी नको. चिकणमातीत तहानेपेक्षा जास्त पाण्याने झाडं मरतात, आणि दोन्हींत सुया तपकिरीच होतात, म्हणून लोक आणखी पाणी घालतात.

लॉनच्या स्प्रिंकलरची फवार झाडावर येत असेल तर तेवढा नोझल वळवा किंवा बंद करा. खालच्या फांद्या रोज पहाटे ओल्या होणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

रॉकीवासी

डेन्व्हर परिसरासाठी भर. इथे प्रश्न उलटा असतो. हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे बर्फ नसतो, ऊन कडक आणि वारा कोरडा. ऑक्टोबर ते मार्च महिन्यातून एक-दोनदा पाणी द्यावंच लागतं. हवा ४० अंश फॅरनहाइटच्या वर, जमीन गोठलेली नाही, आणि वेळ दुपारची, म्हणजे रात्री गोठण्याआधी जिरेल. मापही तेच, इंचाला १० गॅलन. नवीन झाडाला हे किमान दोन-तीन हिवाळे.

आणि निळा स्प्रूस इथे जरूर लावा. वर लिहिलेले रोग कोरड्या हवेत फार कमी आहेत. इथे तो आपल्या घरी आहे.

निळावंती

न्यू जर्सीत घराबरोबरच आलेले तीन निळे स्प्रूस आहेत, साधारण २० फूट. खालच्या फांद्यांच्या आतल्या सुया जांभळट तपकिरी होऊन गळतायत, टोकं मात्र हिरवी. शेजारी म्हणतात लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड), नर्सरीवाले म्हणतात पाणी कमी. कसं ओळखायचं?

सूचिपर्ण

@निळावंती, वर्णनावरून रायझोस्फेरा (सुया गाळणारी बुरशी) वाटतो, पण खात्री करून घ्या. त्यासाठी दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग लागतं, बाकी काही नाही.

रोगट भागाच्या कडेची, तपकिरी पडू लागलेली पण अजून न गळलेली सुई तोडा. सुईच्या अंगावर लांबीने पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी दिसतील. ती तिची श्वासरंध्रं, मेणाने भरलेली, म्हणून पांढरी. निरोगी सुईत ओळ अखंड पांढरी असते. रायझोस्फेरात त्याच ओळीत काळे गोल ठिपके दिसतात आणि काहींच्या डोक्यावर मेणाचा पांढरा कण टोपीसारखा चिकटलेला असतो. ठिपके गुळगुळीत नसून केसाळ, विस्कटलेले दिसले तर ती स्टिग्मिना नावाची दुसरी बुरशी. ठिपकेच नसतील तर कोळी, मुळं किंवा पाण्याकडे वळा.

गोंधळ होतो कारण रोग आणि लक्षण यांत वर्षाचं अंतर असतं. मे-जूनच्या पावसात कोवळ्या सुईला लागण होते, आणि ती सुई दुसऱ्या वर्षी रंग बदलून गळते. म्हणून टोकाची यंदाची फूट कायम हिरवी आणि आतलं सगळं उघडं. एकाच फांदीच्या सुया तीन-चार वर्षं सलग गळल्या की ती फांदी मरते. स्प्रूसला जुन्या उघड्या लाकडातून नवी पालवी येत नाही, त्यामुळे गेलेली खालची फांदी कायमची गेली.

उपाय: क्लोरोथॅलोनिल किंवा ताम्रयुक्त बुरशीनाशक. लेबलवर स्प्रूस आणि हा रोग दोन्ही लिहिलेले आहेत ना ते बघा, आणि मात्रा लेबलवरचीच. पहिली फवारणी नवी फूट निम्मी वाढलेली असताना, म्हणजे दीड-दोन इंच, तुमच्याकडे साधारण मे मध्य. दुसरी तीन-चार आठवड्यांनी, आणि पाऊस चालूच राहिला तर तिसरी. हे किमान सलग दोन वर्षं. कळ्या फुटण्याआधी किंवा जुलैत मारलेलं औषध वाया जातं, कारण ज्या कोवळ्या सुयांना वाचवायचं आहे त्या एकतर अजून आलेल्याच नसतात किंवा लागण होऊन गेलेली असते. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. क्लोरोथॅलोनिल डोळ्यांना फार झोंबतं.

२० फुटी झाडाला शेंड्यापर्यंत फवारणं घरच्या पंपाने जमत नाही. पण रोग खालून वर जातो, तेव्हा खालचे दहा-बारा फूट आतून-बाहेरून नीट भिजले तरी उपयोग होतो. तीन झाडं एकमेकांत घुसली असतील तर मधलं काढायचा विचार करा. हवा खेळली की सुया लवकर वाळतात, आणि हा फरक औषधाइतकाच मोठा आहे.

मेपलपान

कॅनडातल्यांसाठी: ऑन्टारियोत २००९ पासून घरच्या बागेत केवळ सौंदर्यासाठी कीडनाशकं वापरण्यावर बंदी आहे. वर सांगितलेलं औषध अमेरिकेतून आणून मारू नका. परवाना असलेल्या वृक्षतज्ज्ञाला बोलावा. युरोपीय संघातही क्लोरोथॅलोनिल २०२० पासून बंद आहे.

निळावंती

भिंगातून काळे ठिपके दिसले, गुळगुळीत, ओळीत. धन्यवाद. एका झाडाच्या दोन फांद्या मात्र पूर्ण वाळल्यात आणि त्यांच्यावर पांढरी चिकट राळ ओघळून सुकलीय. हे तेच का?

सूचिपर्ण

नाही, ते सायटोस्पोरा. सालीखालचा बुरशीचा व्रण, बहुधा मोठ्या, ताणाखालच्या झाडांना होतो. पूर्ण फांदी एकदम वाळते आणि निळसर पांढरी राळ सुकून राहते, ही खूण. यावर फवारणी नाही. कोरड्या हवेत फांदी खोडाजवळच्या गाठीशी कापा, खोडात खोल जाऊ नका. प्रत्येक कापणीनंतर कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसा. ओल्या दिवशी अजिबात छाटू नका. बाकी उन्हाळ्यात पाणी आणि रुंद आच्छादन, म्हणजे झाडाचा ताण कमी होतो.

मोकळ्या झालेल्या जागी पुन्हा निळा लावू नका. नॉर्वे, सर्बियन किंवा कॉन्कलर फर बघा. कॉन्कलरला निळसर झाक असते, ज्यांना तो रंगच हवा आहे त्यांच्यासाठी.

उत्तरा_के

फर आणि स्प्रूस नर्सरीत ओळखायचे कसे? लेबलं अदलाबदल झालेली असतात.

रॉकीवासी

सुई चिमटीत धरून फिरवा. स्प्रूसची सुई चौकोनी, सहज फिरते आणि टोचते. फरची चपटी, फिरत नाही. अपवाद सर्बियन स्प्रूस, त्याची सुई चपटी असते. म्हणून दुसरी खूण लक्षात ठेवा: सुया गळलेली डहाळी स्प्रूसची असेल तर हाताला कानशीसारखी खरखरीत लागते, कारण प्रत्येक सुई लाकडाचा एक बारीक खुंट मागे ठेवते. फरची डहाळी गुळगुळीत. शंकू स्प्रूसचे खाली लोंबतात, फरचे फांदीवर उभे असतात.

अंगणवेल

दारापाशी दोन बाजूंना बुटका अल्बर्टा स्प्रूस लावायचा आहे, दक्षिणाभिमुख घर, शिकागो. काही खबरदारी?

मृद्गंध

@अंगणवेल, दक्षिणेची भिंत हीच त्याची सर्वांत वाईट जागा. भिंतीचं ऊन आणि फरशीची धग, त्यात हवा खेळत नाही, म्हणजे कोळ्यांचं घरच. हिवाळ्यात त्याच बाजूने करपतोही. पूर्वेच्या बाजूला जमत असेल तर तिथे लावा.

कोळी तपासायची रीत: पांढरा कागद फांदीखाली धरा आणि फांदीवर दोन-तीन टपल्या मारा. कागदावर धुळीचे कण पडतील. मिनिटभर थांबा. काही कण चालायला लागले तर ते कोळी. बोटाने फासल्यावर हिरवट डाग उमटला तर सुई खाणारा. झपाझप पळणारे असतील ते बहुधा त्यांचे शत्रू, त्यांना राहू द्या. स्प्रूसवरचा कोळी गार हवेतला आहे: एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे त्याचे दिवस. नुकसान मात्र जुलैत दिसतं आणि लोक जुलैत औषध मारतात, तेव्हा तो निद्रिस्त असतो.

उपाय म्हणून आधी नळीचा जोरदार फवारा, फांद्यांच्या आतपर्यंत, आठवड्यातून एक-दोनदा. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं. कार्बारिलसारखं कीटकनाशक नको, त्याने शत्रुकीटक मरतात आणि कोळी उसळतात. बागायती तेल चालतं, पण निळ्या स्प्रूसवर कधीच नको: सुयांवरचं मेण धुऊन जातं आणि झाड हिरवं दिसायला लागतं.

आणखी एक. या बुटक्या जातीत मधूनच एखादी जाड, लांब सुयांची, भराभर वाढणारी फांदी येते. तो मूळ पांढरा स्प्रूस डोकं वर काढतोय. दिसल्याबरोबर बुडाशी कापा, नाहीतर पाच-सहा वर्षांत तो बुटक्याला गिळून टाकेल.

पाणवठा

हिवाळ्यानंतर एका बाजूने सगळा लाल-तपकिरी झालेला पाहिला आहे. तोही रोग?

रॉकीवासी

दक्षिण, नैर्ऋत्य किंवा वाऱ्याच्या बाजूलाच असेल आणि बर्फाखाली गाडलेला भाग हिरवा असेल तर हिवाळी करपा. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात सुया पाणी सोडतात, मुळं गोठलेल्या जमिनीत असल्याने भरपाई होत नाही. कात्री बाजूला ठेवा आणि मे अखेरपर्यंत थांबा. टोकाची कळी नखाने खरवडा, आत हिरवी असेल तर ती फुटणार आणि तपकिरी झाकून टाकणार.

पुढच्या वर्षी: जमीन गोठेपर्यंत शरदात पाणी, आणि दोन-तीन खुंटांवर गोणपाटाचा पडदा वाऱ्याच्या बाजूला, झाडाला न टेकवता. झाड पूर्ण गुंडाळू नका.

रस्त्याच्या कडेचं झाड फक्त रस्त्याच्या बाजूने करपलं असेल तर कारण बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ. वसंतात सुया आणि मुळांची माती भरपूर पाण्याने धुवा.

अंगणवेल

ख्रिसमसला कुंडीतला जिवंत स्प्रूस घरात ठेवून मग बाहेर लावला तर जगतो का?

मृद्गंध

जगतो, पण घरात सात दिवस, फार तर दहा. जास्त ठेवला तर कळ्या वसंत आला समजून जाग्या होतात आणि बाहेर गेल्यावर गारठ्याने मरतात. ऑक्टोबरमध्येच खड्डा खणून फळीने झाका आणि खणलेली माती गोठणार नाही अशी गॅरेजमध्ये ठेवा. घरात आणताना तीन-चार दिवस गॅरेजमध्ये, बाहेर नेतानाही तसंच. हुंडी ओलसर ठेवा, हीटरच्या झोताजवळ नको. जानेवारीत लावल्यावर पाणी आणि जाड आच्छादन.

शेंडेनक्षत्र

आडोशासाठी मागच्या कुंपणाला ओळ लावायची आहे, साधारण ८० फूट. पाच-पाच फुटांवर लावले तर लवकर दाट होईल ना?

सूचिपर्ण

@शेंडेनक्षत्र, लवकर दाट होईल आणि लवकर खालून उघडं पडेल, म्हणजे नेमका जिथे आडोसा हवा तिथेच. ब्लॅक हिल्स किंवा सर्बियन दहा ते बारा फुटांवर, नॉर्वे १५ च्या खाली नको. जागा असेल तर दोन ओळी नागमोडी. तुमच्या ८० फुटांत एका ओळीत सात झाडं पुरतील, त्यात दोन-तीन जाती मिसळा, म्हणजे एक रोग आला तर पूर्ण भिंत जाणार नाही. कुंपणापासून पूर्ण घेराच्या निम्मं अंतर आत, नाहीतर पुढे शेजाऱ्याच्या बाजूने फांद्या कापाव्या लागतात आणि कापलेली बाजू भरून येत नाही.

हरणं असतील तर स्प्रूस चांगला. आर्बोरव्हिटी (कुंपणाला लावतात ते दुसरं सदाहरित झाड) ती हिवाळ्यात खातात, स्प्रूसला सहसा तोंड लावत नाहीत.

खालच्या फांद्या गवत कापायला आड येतात म्हणून छाटू नका. त्याऐवजी तेवढ्या घेरात आच्छादन पसरा. झाडाखालच्या सुयांनी माती आम्ल होते ही भीतीही बाळगू नका. तिथे गवत उगवत नाही ते सावली आणि कोरडेपणामुळे. सुया तशाच राहू द्या, फुकटचं आच्छादन आहे.

देशावरून

पुण्यात स्प्रूस येईल का? नर्सरीत "ख्रिसमस ट्री" म्हणून मिळतो तो हाच का?

मेपलपान

तो अरॉकेरिया, दक्षिण गोलार्धातला, गोठणं अजिबात न सोसणारा. पुण्यात तो छान वाढतो, जमिनीत लावला तर मोठा वृक्ष होतो, त्यामुळे बंगल्याच्या भिंतीपासून लांब लावा. खऱ्या स्प्रूसला दीर्घ थंडीची विश्रांती लागते, ती पुण्यातच काय, महाबळेश्वरलाही मिळत नाही. भारतातला आपला स्प्रूस हिमालयातला. हिमाचलात त्याला राई म्हणतात, साधारण २१०० मीटरच्या वर देवदाराच्या सोबतीने दिसतो. मनालीकडे घर असेल तर जरूर लावा.

पाणवठा

नॉर्वे स्प्रूसचा शेंडा जूनमध्ये छत्रीच्या मुठीसारखा वाकून सुकलाय. बाकी झाड ठणठणीत, उंची दहा फूट. पाणी कमी पडलं का?

सूचिपर्ण

पाण्याचा संबंध नाही, हा भुंगा. व्हाइट पाइन वीव्हिल. वसंतात मादी गेल्या वर्षीच्या शेंड्यात अंडी घालते, अळ्या सालीखालून खाली खात येतात आणि वरची नवी फूट वाकते. जुलै संपता संपता नवे भुंगे भोकं पाडून बाहेर पडतात, म्हणून आताच कापा.

शिडी लावा. वाकलेल्या टोकापासून खाली साल थोडी थोडी खरवडत या. तपकिरी, भुशाने भरलेलं लाकूड संपून ओलसर हिरवी साल लागेल तिथपर्यंत सगळं मेलेलं आहे. त्याखालच्या पहिल्या जिवंत फांद्यांच्या वलयाच्या जरा वर कापा. कापलेला शेंडा तिथेच टाकू नका, अळ्या त्यातही पूर्ण वाढतात. पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्या, किंवा परवानगी असेल तर जाळा.

आता वलयातली सर्वांत जोमदार फांदी निवडा. बांबूची काठी खोडाला दोन ठिकाणी बांधून ती दीड-दोन फूट वर येऊ द्या, आणि निवडलेली फांदी मऊ पट्टीने काठीला उभी बांधा. वलयातल्या बाकी फांद्या निम्म्याने कमी करा, नाहीतर दोन-तीन शेंडे एकदम वर जातात, खोड दुभंगतं आणि पुढे बर्फाच्या ओझ्याने तिथेच फाटतं. पट्टी पुढच्या वसंतात सोडा. तोवर फांदी तशीच उभी राहायला शिकलेली असते. पुढच्या एप्रिलपासून शेंड्यावर राळेचे बारीक चकाकणारे थेंब दिसतात का ते बघत राहा. मादी सालीला भोकं पाडते तिथेच ते येतात.